सूर्याचा शिक्का

आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी मी देवतळे बाईंना रोज घ्यायला सांगितली. त्यांनी ती रोज घेतली. तीन महिने घेतली.

चूक एवढीच. यापुढे जे लिहितो आहे, ते त्या चुकीला धुतलेले कपडे घालून तुमच्यासमोर उभं करण्याचा प्रयत्न आहे, असं समजून वाचा.

मी भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, कारखान्याच्याच इस्पितळात फार्मासिस्ट होतो. लोक कम्पाउंडर म्हणत. पहिली दहा वर्षं मी त्यांना दुरुस्त करत होतो, मग घसा बसला. अमरावतीला आमची आई शेजारणींना ‘मुलगा भोपाळला डॉक्टर आहे’ असं सांगे. ते मात्र मी कधीच दुरुस्त केलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खिडकीमागे बसायचं, कपाटातून गोळ्या काढायच्या, मेडिकल बुकावर, म्हणजे घरच्यांची नावं-फोटो लावलेल्या औषधवहीवर, सही घ्यायची, यात आहे काय? मलाही पहिले सहा महिने तसंच वाटत होतं. पण गोळी देणं हे काम नव्हेच. गोळी सांगणं हे काम. डॉक्टर केबिनमध्ये काय बोलले ते पेशंट व्हरांड्यातच विसरतो. घरी जाताना त्याच्या डोक्यात खिडकीवरचं शेवटचं वाक्य असतं, आणि ते वाक्य माझं असे. इतक्या वर्षांत माझं इतकं मनापासून ऐकलं गेलेलं दुसरं ठिकाण नाही. घरी तर नाहीच.

अडचण भाषेची होती. रांगेत केरळचा टर्नर, त्याच्यामागे बुंदेलखंडातला वेल्डर, आंध्रातल्या क्रेनवाल्याची सासू, मग आपले नागपूर-अकोल्याकडचे क्लार्क. पाकिटावर हिंदीत लिहिलं तर अर्ध्यांना वाचता येत नसे, इंग्रजीत लिहिलं तर उरलेल्यांना. तेव्हा माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. मी जुन्या शहरातल्या शिक्केवाल्याकडून तीन रबरी शिक्के करून घेतले. उगवता सूर्य म्हणजे सकाळी, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपारी, चंद्र म्हणजे रात्री. दोन सूर्य सारखेच दिसायला लागले म्हणून उगवत्याखाली एक डोंगर काढून घेतला. त्यावर एका आजोबांनी विचारलं, “पहाड़ चढ़ने के बाद खानी है क्या, साहब?” पण एकंदरीत शिक्के चालले. इतके चालले की सव्वीस जानेवारीला मला मैदानावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. ते मी फ्रेम करून बैठकीत लावलं. येणाऱ्याची पाठ त्याच्याकडे असली तर मी खुर्च्या फिरवत असे.

आता ज्या पुडीचं हे सगळं, तिच्याबद्दल.

हाडं म्हणजे बांधून मोकळं झालेलं काम नव्हे. आमच्या टाउनशिपच्या सिव्हिल खात्यासारखं ते आहे. एक टोळी जुनं प्लॅस्टर फोडत जाते, दुसरी मागून नवं करत येते. तरुणपणी दोन्ही टोळ्या हजर असतात. पन्नाशी-साठीनंतर फोडणारे वेळेवर येतात आणि करणाऱ्यांची फाईल कुठेतरी अडकते. बायकांमध्ये पाळी गेल्यावर ती जास्तच अडकते. बाहेरून भिंत तशीच दिसते, आतून पोकळ होत असते. मग एक दिवस बाई ओल्या बाथरूममध्ये नुसत्या टेकतात आणि मनगट मोडतं. कॅल्शियम म्हणजे सिमेंट. ड जीवनसत्त्व म्हणजे ते सिमेंट गेटवरून आत आणणारा ट्रक. ट्रक नसेल तर गेटवर कितीही गोणी टाका. पण ट्रकच ट्रक आत सोडले, तर जे होतं ते मी स्वतः करून पाहिलं आहे. दुसऱ्याच्या अंगावर.

कॅल्शियमच्या गोळ्या आमच्याकडे निवृत्तांना महिन्याला मिळत. फुकटच्या असल्यामुळे त्या फार दूर दूर जात. कुणी मुलीला इंदूरला पाठवे, कुणी गुलाबाच्या कुंडीत पुरे. मी प्रत्येकाला बजावत असे : जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, लोहाच्या गोळीबरोबर नको, आणि गोळी घेतली म्हणून चालणं सोडू नका. लोक मान डोलवत आणि तिथेच व्हरांड्यात चहाबरोबर गोळी घेत.

रफीक मियां हे आमच्या रांगेतलं रत्न. क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. टाउनशिपच्या कुंपणाला लागून निवृत्तांची एक वसाहत आहे, तिथे त्यांनी घर बांधलं आणि मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे खिडकीवर सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा, त्यांनी माझ्याकडे कॅल्शियमच्या दुप्पट गोळ्या मागितल्या.

“क्यों मियां, हड्डी में दर्द है?”

“हड्डी तो अल्लाह के करम से लोहा है, गावंडे भाई. मुर्गियों के अंडे का छिलका पतला आ रहा है.”

रांग हसली. आणि रांग हसली की माझं काय होतं, ते माझ्या बायकोला विचारा.

“तो मुर्गी का नाम मेडिकल बुक में चढ़वाइए,” मी म्हणालो, “आश्रितों वाले पन्ने पर.”

“को खां,” मियां अस्सल भोपाळीत म्हणाले, “फोटो भी लगेगा क्या?”

“फोटो तो लगेगा ही. सामने से और बाजू से. और दस्तखत की जगह पंजा.”

रांगेतले लोक पोट धरून हसत होते. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो होतो. रफीक मियांच्या मागे देवतळे बाई उभ्या होत्या. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, म्हणून त्यांनी मेडिकल बुक डाव्या हाताने आत सरकवलं. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं : कॅल्शियम रोज, आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे. मी ते वाचलं. खरंच वाचलं. पण माझे कान बाहेर होते.

आता धंद्यातली एक गोम सांगतो. आठवड्याचा शिक्का माझ्याकडे नव्हता. तीन शिक्के, तिन्ही रोजचे. त्यात मी सकाळी खिडकी उघडण्याआधीच शंभर-दोनशे पाकिटांवर सूर्य मारून ठेवत असे, म्हणजे गर्दीत वेळ जायला नको. आठवड्याचं औषध आलं की सूर्यावर काट मारायची आणि हाताने ‘हफ्ते में एक बार’ लिहायचं, असा माझा नियम. त्या दिवशी मी पंजाचा विनोद वाढवत वाढवत आठ पुड्या सूर्याच्या पाकिटात घातल्या आणि बाईंच्या हातात ठेवल्या.

बाईंनी पाकीट पाहिलं. आमच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. त्यांनी विचारलं, “रोज का हो, गावंडे?”

आणि मी, कोंबडीवाल्यांकडे बघत, म्हणालो, “रोज सकाळी, बाई. दुधातून. न चुकता.”

त्यांनी विचारलं होतं, हे वाक्य मी नंतरच्या चौकशीच्या कागदात दोनदा लिहिलं. एकदा साहेबांनी खोडलं, “इसकी ज़रूरत नहीं,” म्हणून. मी पुन्हा लिहिलं.

आठ पुड्या आठ दिवसांत संपल्या. पुन्हा रांगेत उभं राहणं बाईंना जड जाई. त्यांनी पाकीट दाखवून शेजारच्या रफीक मियांना बाजारातून डबा आणायला सांगितलं. मियां स्कूटरवर एम. पी. नगरला गेले, दुकानदाराने सूर्य पाहिला आणि डबा काढून दिला. मग दुसरा. मग तिसरा. माझा शिक्का एवढा प्रसिद्ध असल्याचा मला तोवर अभिमानच होता.

महिन्या-दीड महिन्याने मियां खिडकीवर म्हणाले, “मैडम कुछ खा नहीं रहीं. अंडे भेजता हूँ, वैसे ही पड़े रहते हैं. बस पानी पीती हैं, घड़ा भर भर के.”

“गर्मी है, मियां.”

पुढच्या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर कोंबड्या नव्हत्या. “गावंडे भाई, कल मैडम ने मुझसे पूछा, सात अट्ठे कितने होते हैं.”

“मग?”

“मग क्या. मैंने कहा छप्पन. तो रोने लगीं.”

मी काय म्हणालो असेन? “उमर है, मियां. किसी को घुटने से पकड़ती है, किसी को दिमाग से.” वाक्य मला आवडलं. मी ते त्या दिवशी आणखी दोघांना ऐकवलं.

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नितीन बंगलोरला. तो आला, आईला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. विसरणं, झोप, बोलताना मधेच थांबणं, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या तपासण्या बंगलोरलाच करा म्हणाले. आईला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, हे नितीनने ठरवलं. घर विकायला काढलं. रविवारी सामानाचा ट्रक यायचा होता.

शुक्रवारी शीला, माझी बायको, म्हणाली, “निरोप द्यायला जाऊन येऊ. त्यांनी कितीजणांच्या पोरांना पार केलं इथून.” शीलाने खव्याच्या वड्या घेतल्या, मी माझा विनोदी चेहरा घेतला.

घरात खोके बांधून ठेवलेले. नितीन फोनवर होता. बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, अंगात दोन मापं मोठा झालेला गाऊन. मला पाहून ओळखीचं हसल्या, पण नाव सापडलं नाही. शीलाला म्हणाल्या, “हे आपले... हे खिडकीतले.”

“बरोबर, बाई,” शीला म्हणाली.

“नितीनला सांगा, मी नाही जाणार,” बाई तिचा हात धरून हळूच म्हणाल्या. “माझं काहीतरी हरवलं आहे या घरात. ते सापडलं की जाईन.”

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर लाल पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केलेल्या, वह्या तपासताना करतात तशा. रोज एक. एकही दिवस सुटलेला नव्हता. मागचं पान उलटलं, तिथेही. त्याच्या मागेही.

“बाई, या कसल्या खुणा?”

त्यांचा चेहरा उजळला. हे त्यांना येत होतं. त्या उठल्या, फळीवरून स्टीलचा डबा काढला, त्यातली एक पुडी दाखवली आणि डब्याच्या झाकणाला चिकटवलेल्या पाकिटावर बोट ठेवलं. पाकिटावर माझा डोंगर, माझा सूर्य.

“रोज सकाळी,” बाई म्हणाल्या, “दुधातून. न चुकता.”

सात अठ्ठे विसरलेल्या बाईला माझं वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं.

पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण या अंकाच्या संपादकांना मी ‘खरं तेच लिहीन’ असं बोलून बसलो आहे. मी ते पाकीट नखाने सोडवलं आणि खिशात घातलं. बाईंसमोर. त्या बघत होत्या आणि त्यांना काही कळत नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. पाकीट नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर गावंडे नाही. रविवारी ट्रक येणार, बाई बंगलोरला जाणार, तिथे पुड्या आपोआप बंद होणार. हा सगळा हिशेब मी वडी खाऊन होईपर्यंत केला. माझं गणित तेवढं चांगलं आहे.

बाहेर आल्यावर स्कूटरला किक मारली. शीला मागे बसली नाही.

“खिशात काय घातलं तुम्ही?”

“काही नाही. कागद.”

“दाखवा.”

मी दाखवलं. तिला औषधातलं काही कळत नाही, पण पाकीट बघून ती एवढंच म्हणाली, “तुमचा सूर्य आहे हा. लपवता काहून?” आमची शीला चिडली की भोपाळ सोडून थेट माहेरी, परतवाड्याच्या बोलीत, पोचते. मी फुटपाथच्या कडेला बसलो आणि सांगितलं. ती ऐकून घेईपर्यंत उभी राहिली, मग स्कूटरवर बसली आणि म्हणाली, “दवाखान्यात चला.”

डॉक्टर मिश्रा मॅडम ओपीडी संपवून निघत होत्या. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा पाकीट पाहिलं.

“रोज़?”

“जी.”

“कब से?”

“तीन महीने से. साथ में कैल्शियम भी.”

“गावंडेजी,” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “आप बैठिए. आपको चक्कर आएगा.” आणि स्वतः फोनकडे धावल्या.

नितीनला मीच सांगितलं. त्याच्या दारात उभं राहून, न बसता. त्याने अॅम्ब्युलन्समध्ये आईला चढवलं आणि मला म्हणाला, “तुम्ही पुढे बसा.”

रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. हाडांसाठी आणलेलं सिमेंट रक्तात फिरत होतं, आणि तसं झालं की तहान लागते, पोट बांधून जातं, अन्न नको वाटतं आणि डोकं चालेनासं होतं. हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. मूत्रपिंडांवरही ताण आला होता. मिश्रा मॅडम म्हणाल्या, सलाईन सुरू करू, पण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं, लवकर जात नाही. डोकं किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही.

रविवारचा ट्रक नितीनने परत पाठवला. मी ड्युटी संपली की वॉर्डात जाऊन बसत असे. कुणी बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नाही. रफीक मियां येत, तेही गुन्हेगारासारखे कोपऱ्यात उभे राहत. “डिब्बे तो मैं ही लाया ना, भाई.” मी त्यांना सांगे की तुम्ही सूर्य पाहून आणलेत. ते म्हणत, “वही तो.”

आठव्या की नवव्या दिवशी नितीन माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मला वाटलं, आता ऐकवणार. मी तयारच होतो, एका परीने वाट बघत होतो.

“काका,” तो म्हणाला, “तुमच्यावर ओरडायचं आहे मला. पण तोंड उघडलं की आधी माझंच आठवतं. मी फोनवर एजंटला आईसमोर सांगत होतो, ‘अब इनको कुछ समझता नहीं है.’ तिने ऐकलं असेल ना ते?”

मी उठून त्याच्यासाठी चहा आणला.

बाई परत आल्या, पण एकदम नाही. आधी भूक आली. मग नर्सची चूक काढली. मग एका सकाळी सलाईनच्या बाटलीकडे बघून विचारलं, “मिनिटाला इतके थेंब, तर ही बाटली किती वाजता संपेल?” नर्स गांगरली. बाईंनी स्वतःच उत्तर सांगितलं आणि घड्याळाकडे बघत पडून राहिल्या. नितीन व्हरांड्यात जाऊन रडला. मीही गेलो होतो, पण जागा त्याने घेतली होती.

मला मेमो मिळाला, एक वेतनवाढ थांबली आणि तिन्ही शिक्के स्टोअरमध्ये जमा झाले. योग्यच झालं. प्रशस्तिपत्राची फ्रेम शीलाने उतरवली, मागचा खिळा मात्र अजून आहे. आता निवृत्त होऊन मीही खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा असतो, माझं स्वतःचं कॅल्शियम घ्यायला, आणि आतल्या पोराला तीनदा विचारतो. तुम्हीही विचारा. उत्तर देणारा दुसरीकडे बघत असेल तर चौथ्यांदा विचारा. मागच्याच महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, “जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर काय बिघडतं?” मी त्यांना घरी चहाला बोलावून ही सगळी गोष्ट ऐकवली. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

नितीनने घर विकलं नाही. बाईच म्हणाल्या, बंगलोरला मी पाहुणी म्हणून येईन, सामान म्हणून नाही. आणि त्याच वर्षी, मी अजून नोकरीत असताना, पावसाळा संपता संपता एका सकाळी त्या काठी टेकत, एकट्या, माझ्या खिडकीवर आल्या. रांगेने त्यांना पुढे वाट करून दिली. सगळ्या टाउनशिपला माहीत होतं.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या फक्त. मी कोरं पाकीट घेतलं, मोठ्या अक्षरात ‘रोज एक, सकाळी’ लिहिलं, मेडिकल बुकाशी ताडून पाहिलं, मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः ताडून पाहिलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या.

“बाई,” मी म्हणालो, “माझ्याकडून...”

“तुमची अश्विनी माझ्याच वर्गात होती ना, गावंडे?”

“हो, बाई.”

“गणितात काठावर काढली मी तिला. दोन्ही वर्षं.”

“आठवतं, बाई.”

“तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत असे, पोरगी आईवर गेली आहे.” त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं आणि काठी उचलली. “शीलाला सांगा, मी माफी मागितली म्हणून.”